मोजणी

गेशे लोरेन्सन बेकरीपर्यंत चालते तेव्हाही मोजते.
पाव आणायला दोनशे बारा पावलं,
म्हणजे त्रेपन्न ढांगा,
आणि चर्चच्या वळणावर घोडा डाव्या पायावर हवा.
घोडा नसतो. पिशवी असते.
मी तिचा मोतद्दार, हिनर्क.
एकतीस वर्षं तिच्या घोड्यांना खरारा केला,
चंदी भिजवली, नालबंदाशी भांडलो;
तिचे ओठ हलले की मला आकडा कळतो.

माणसाची चार पावलं, घोड्याची एक ढांग.
हे तिनं पहिल्याच दिवशी शिकवलं,
आयडर नदीकाठच्या चिखलात,
बंधाऱ्यावरच्या मेंढ्या बघत असताना.
दोन पावलं उतरायची, दोन उडायची,
मधली सगळी घोड्याची.
"आणि बाकी नशीब," मी म्हणालो.
"बाकी काही उरत नाही," ती म्हणाली.

तेव्हा ती चोवीस वर्षांची, मांड अशी
की खोगिरात आणि तिच्यात कागद सरकू नये.
आणि ग्राउपेल.
गारपिटीच्या रात्री जन्मला म्हणून ते नाव;
राखाडी, हट्टी, उजव्या कानानं जरा बहिरा.
पाण्याच्या उडीचा त्याला राग होता, भीती नव्हे.
ट्रकच्या खिडकीतून मी युरोप पाहिला:
पेट्रोलपंप, पहाटेचं धुकं,
आणि कुठल्याही देशात तोच ओल्या भुशाचा वास.

ऑरहूसची अंतिम फेरी.
शेवटचा ऑक्सर, एक मीटर साठ,
निळे-पांढरे दांडे, पलीकडे खच्चून भरलेलं स्टेडियम.
मी फाटकापाशी घोंगडी घेऊन उभा.
सात ढांगा बाकी असताना तिचे ओठ थांबले.
जिन्यात अचानक दिवे जावेत
आणि पुढची पायरी आहे की नाही कळू नये,
तसे थांबले.
लगाम सैल झाला, बोटभर.
ग्राउपेलनं कान पुढे केले,
स्वतःशी काहीतरी ठरवलं
आणि उडाला.
दांडा हललासुद्धा नाही.

सुवर्णपदक. राष्ट्रगीत. गळ्यात फुलं, घोड्याच्या.
ती उतरली, लगाम माझ्या हातात दिला:
"याला आता माझी गरज नाही."
वर्तमानपत्रांनी लिहिलं, शिखरावर निवृत्ती, केवढं धैर्य.
मी कात्रण पागेच्या दाराला लावलं.
तिनं ते काढलं नाही,
त्यावर पाणीपट्टीचं बिल टोचलं.

मग दुसऱ्यांची पोरं आली.
नव्या बुटांची, महागड्या घोड्यांची,
एक रडका दंतवैद्यसुद्धा.
सगळ्यांना ती आधी पायीच चालवायची,
पावसात, रिकाम्या मैदानात, मोठ्यानं मोजत.
"खाली बघू नकोस. जिथे बघशील तिथेच पडशील."
पडलेले दांडे मी खोबणीत ठेवत राहिलो.
ग्राउपेल अठ्ठाविसाव्या वर्षी गेला.
त्या दिवशीही तिनं सहा वाजताचा वर्ग घेतला.

टोमके आली ती क्रेनवाल्याची पोर,
तेरा वर्षांची, उधारीची घोडी, कधी न बांधलेले केस.
पहिल्या स्पर्धेत गेशे कठड्याला टेकून,
गुडघे लाकडावर आवळलेले,
ओठ चाललेले: चार, तीन, दोन.
घोडी एक ढांग आधीच उडाली.
मागचा दांडा पडला. चार गुण गेले.

"कुठे चुकली मोजणी?"
"मी मोजलंच नाही."
"मग कोणी मोजलं?"
पोरीनं घोडीच्या मानेवर हात ठेवला.

गेशे बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "गाजर दे तिला.
आणि तू उद्या सहाला ये. मोजायला."

परतताना ट्रक मी चालवत होतो.
वायपर एकाच बाजूचा चालत होता.
हुसुमच्या अलीकडे तिनं विचारलं,
"ऑरहूसला तू किती मोजल्या होत्यास?"
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
"सात," मी म्हणालो.
ती काचेतून बाहेर बघत होती.
"त्यानं सहा घेतल्या."